बरे वाटले तरी गोळी का सोडू नये?
उन्माद-नैराश्याच्या आजारात घराची आणि गावाची जबाबदारी



आंब्यावरील तुडतुडे, माडावरील गेंड्या भुंगा, भातावरील करपा यांविषयी आपण नेहमी वाचता आणि वेळेवर उपायही करता. आजचा विषय बागेतला नाही, घरातला आहे. मात्र ज्या घरात हा आजार शिरतो त्या घराची बाग, होडी, कर्ज आणि जमीन यांनाही त्याची झळ पोहोचते. म्हणून बागायतदाराने त्याची माहिती करून घेणे आवश्यक आहे.

समजा, मालवण किनाऱ्यावरील तोंडवली गावात एक तरुण बागायतदार आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या वाळूच्या पट्ट्यात त्याची माडांची बाग. खाडीपलीकडे थोडी आंब्याची कलमे. एका मार्गशीर्षात त्याची झोप तीन तासांवर येते, तरी थकवा म्हणून नाही. रात्री दोन वाजता उठून तो माडांची आळी खणतो. बोलणे थांबत नाही. एका आठवड्यात तो नवी होडी, पर्यटकांसाठी खोल्या आणि काजूचा कारखाना असे तीन धंदे ठरवतो. कलमांना मोहोर येण्याआधीच बाग व्यापाऱ्याला देऊन पैसे उचलतो. कोणी अडवले तर अंगावर धावून जातो. घरात आधी कौतुक होते, मग भीती वाटू लागते. अखेर डॉक्टरांकडे नेतात, औषध सुरू होते आणि दोन-तीन महिन्यांत माणूस जाग्यावर येतो. शिमगा झाल्यावर घरातले वडीलधारे म्हणतात, "आता बरो झालो मां, मगे औषद कित्याक?" गोळ्या थांबतात. पावसाळा सुरळीत जातो. चतुर्थी आटोपते आणि दिवाळीच्या सुमारास तोच माणूस अंथरुणातून उठेनासा होतो, जेवत नाही, "माझ्याने काही होणार नाही, जगून उपयोग नाही" असे म्हणू लागतो.

हे उदाहरण कल्पित आहे. पण गोळी सुटण्याची ही वाट फार घरांनी तुडवलेली आहे. या वाटेवर गोळी कोठे आणि का सुटते, ते पाहू.

आजाराची ओळख

उन्माद आणि नैराश्य अशी दोन टोके असलेल्या या आजाराला डॉक्टर 'बायपोलर' किंवा द्विध्रुवी मनोविकार म्हणतात. उन्मादाच्या काळात झोप कमी, बोलणे जास्त, खर्च बेसुमार, मोठेपणाच्या कल्पना आणि चिडखोरपणा दिसतो. नैराश्याच्या काळात याच्या उलट. मधल्या काळात माणूस अगदी इतरांसारखा असतो. हा आजार आळसाने, वाईट वळणाने किंवा कोणाच्या करणीने होत नाही. तो बऱ्याच वेळा कुटुंबात आनुवंशिकतेने येतो आणि झोपमोड, ताण, व्यसन यांमुळे उचल खातो.

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्या पाहणीत दर २०० प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी हा आजार झाल्याचे आढळले आणि अशा रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के उपचाराविना होते. ज्यांचे उपचार सुरू होतात त्यांच्यापैकीही पुष्कळ जण मध्येच औषध सोडतात. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत हे प्रमाण २० ते ६० टक्के आढळले आहे. म्हणजे औषध शोधण्याचे काम झाले आहे, ते टिकवण्याचे काम बाकी आहे.

माडाचे उदाहरण लक्षात घ्या

या आजारावर लिथियम हे जुने आणि खात्रीचे औषध आहे. लिथियम हा निसर्गात सापडणारा क्षार आहे. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावरील त्याचा उपयोग प्रथम प्रसिद्ध केला. याखेरीज व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन आणि इतर काही औषधे रुग्ण पाहून दिली जातात. ही औषधे दोन कामे करतात : आलेला झटका उतरवणे आणि पुढचा झटका टाळणे. दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही. येथेच घोटाळा होतो.

माडाचे पाणी तोडले तर दुसऱ्या दिवशी नारळ गळत नाहीत. झाड हिरवेच दिसते. पण पाण्याच्या ताणाचा फटका पुढील दोन-तीन वर्षांच्या उत्पन्नात दिसतो, तेव्हा कारण कोणाला आठवत नाही. या औषधाचे असेच आहे. ते बंद केल्यावर काही आठवडे, कधी काही महिने काहीच होत नाही. म्हणून घरच्यांची समजूत होते की औषधाची गरज नव्हती. प्रत्यक्षात लिथियम एकाएकी बंद केल्यास पुढील काही महिन्यांत उन्माद उलटण्याचा धोका खूप वाढतो. लिथियममुळे आत्महत्येचा धोका कमी होतो हेही सिद्ध झाले आहे. म्हणजे येथे प्रश्न केवळ एका हंगामाचा नाही, जीवाचा आहे.

गोळी कोठे सुटते?

१) 'बाहेरचे' आणि कौल : माणूस एकाएकी बदलला की 'भायरचा' काहीतरी लागले, राखण चुकली, कोणी करणी केली, अशी शंका प्रथम येते. देवळात कौल लावला जातो, गाऱ्हाणे घातले जाते. ग्रामदेवतेवरील श्रद्धेने घराला धीर येतो आणि त्यात औषधाला आडकाठी नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा एखादा जाणकार म्हणवणारा "माझा उपाय चालू असेपर्यंत डॉक्टरची गोळी बंद" अशी अट घालतो. ही अट मान्य करू नये. गाऱ्हाण्यातच "डॉक्टरच्या औषदाक गुण येवंदे" असे मागणे घालता येते. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुआ' हा उपक्रम सुरू झाला. तेथे मुजावर स्वतःच रुग्णांना दर्ग्याच्या आवारातील डॉक्टरांकडे पाठवू लागले. आपल्या गावचे मानकरी, गुरव आणि पुजारी यांनाही हे सहज करता येईल. कारण लोक त्यांचे ऐकतात.

मारहाण आणि साखळी मात्र कोणत्याही श्रद्धेत बसत नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो.

२) 'गोळ्या उष्ण पडतात, सवय लागते' : लिथियममुळे तहान वाढते, लघवी जास्त होते, हात थोडे थरथरतात. त्याला उष्णता समजून उन्हाळ्यात गोळी थांबवली जाते. हे त्रास डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा कमी-जास्त करता येते. या औषधाची दारूसारखी चटक लागत नाही. ते रोज घ्यावे लागते, जसे रक्तदाबाचे किंवा मधुमेहाचे घ्यावे लागते.

३) उन्मादाचे आकर्षण : उन्मादाच्या सुरुवातीला माणसाला स्वतःला फार छान वाटते. तो दुप्पट काम करतो आणि घरालाही ते आवडते. औषधाने हा जोर ओसरला की "माझी हुशारी गेली" असे त्याला वाटते. त्याला खोटे पाडू नये. त्या दिवसांत घेतलेले कर्ज आणि दुखावलेली माणसे यांचा हिशेब तो बरा असताना, शांतपणे, त्याच्याबरोबर बसून मांडावा.

४) लग्न : "लग्न करा, जबाबदारी आली की सुधारेल" हा सल्ला प्रत्येक वाडीत मिळतो. मग आजार लपवला जातो आणि नव्या माणसासमोर नको म्हणून गोळ्या ट्रंकेत जातात. लग्नघरातील जागरणे आणि दगदग यांची भर पडते आणि पहिल्या वर्षातच आजार उलटतो. लपवून केलेले लग्न पुढे कोर्टात अडचणीत येऊ शकते. समोरच्या घराला विश्वासात घेऊन सांगितल्यास औषध देणारे एक माणूस घरात वाढते.

५) सून आणि माहेर : बाईचे औषध अनेकदा घरच्या अडचणींमुळे सुटते. दवाखान्यात नेण्यास सोबत मिळत नाही, माहेरी पाठवली की उपचार खंडित होतो, दिवस राहिले की सगळ्याच गोळ्या फेकल्या जातात. व्हॅल्प्रोएट या औषधाने गर्भाला व्यंग येण्याचा धोका असतो. म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रीने ते शक्यतो टाळावे आणि मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांना सांगून योग्य औषध ठरवून घ्यावे. आपल्या मनाने काहीही बंद करू नये.

६) चाकरमानी : मुंबईचा डॉक्टर, मुंबईची चिठ्ठी आणि गावात मुक्काम, अशी अनेक रुग्णांची स्थिती असते. चार दिवसांच्या गोळ्या घेऊन गणपतीला आलेला माणूस अकरा दिवस राहतो. जवळच्या दुकानात नेमकी तीच गोळी नसते. शिवाय मुंबईहून आलेला एखादा भाऊ "मी अमुक बाबांचे औषध आणले आहे, ते घे" म्हणतो. प्रेमाने दिलेला हा सल्ला सर्वांत महाग पडतो.

७) पैशाचा हंगाम : बागेचा पैसा चैत्र-वैशाखात येतो. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते. आषाढात हात आखडला की घरात प्रथम गोळी अर्धी होते, मग एक दिवसाआड होते. अर्धी मात्रा ही जवळजवळ न घेतल्यासारखीच. सरकारी रुग्णालयातून ही औषधे मोफत मिळण्याची सोय आहे, ती घ्यावी.

८) दारू : गोळी आणि दारू एकत्र नको म्हणून सणाच्या दिवशी गोळी टाळली जाते. टाळायची असेल तर दारू टाळावी.

महिनावार काळजी

पिकाचे जसे वेळापत्रक असते तसे या औषधाचेही ठेवावे.

जून-जुलै : आगोटीची खरेदी करतानाच दोन महिन्यांच्या गोळ्या भरून ठेवाव्यात. पावसात एस.टी. चुकते, खाडीला पाणी चढते. लावणीच्या दिवसांत ताप, उलट्या, जुलाब झाल्यास अंगावर काढू नये. आपल्या जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो आणि तो मूत्रपिंडावर परिणाम करतो. लिथियम शरीराबाहेर पडते ते मूत्रपिंडावाटेच. म्हणून डॉक्टरांना "याला लिथियम चालू आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

भाद्रपद : घरात पाहुणे, रात्री भजने. गोळीची जागा व वेळ बदलू नये. मुंबईहून येणाऱ्याने पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्त आणाव्यात.

आश्विन : नवरात्रात कडक उपवास करू नये. पाणी व मीठ एकदम कमी झाले तर रक्तातील लिथियम वाढते. नेहमीची पेज, नेहमीचे मीठ चालू ठेवावे.

कार्तिक ते फाल्गुन : दशावताराचे प्रयोग रात्रभर चालतात. पुढे आंगणेवाडीची यात्रा व शिमगा. झोपमोड हे उन्मादाचे मोठे कारण आहे. जत्रा पाहावी, पण ठरल्या वेळी घरी परतावे. आचऱ्याच्या गावपळणीत गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतो तेव्हा गुरे आणि कोंबड्यासुद्धा बरोबर नेतात. गोळ्यांची पट्टी त्याच गाठोड्यात आधी बांधावी.

चैत्र-वैशाख : आंबा काढणीत घाम फार जातो. पाणी भरपूर प्यावे. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशी वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नये. त्यांच्यामुळेही रक्तातील लिथियम वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबाबतही हीच काळजी घ्यावी.

धोक्याची खूण : लिथियम घेणाऱ्याचे हात जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब होऊ लागले, चाल लटपटली, बोलणे जड झाले किंवा गुंगी आली तर पुढची मात्रा न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हे टाळण्यासाठी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे रक्तातील लिथियमचे प्रमाण तपासावे. रक्त शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी द्यावयाचे असते. म्हणून त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. थायरॉइड व मूत्रपिंडाची तपासणी साधारण सहा महिन्यांनी करावी.

घराने काय करावे?

१. रुग्णाच्या संमतीने घरातील एकाच व्यक्तीने औषधाची जबाबदारी घ्यावी. दहा जणांनी विचारू नये. चारचौघांत "गोळी घेतलीस काय?" असे तर मुळीच विचारू नये. जेवणाचे ताट वाढताना गोळी शेजारी ठेवली की पुरे.

२. स्प्रेची नोंद ठेवता तशी एक वही ठेवावी. झोपेचे तास, घेतलेली गोळी आणि मोठा खर्च, एवढ्या तीन नोंदी पुरतात. सलग दोन रात्री झोप कमी झाली आणि बोलणे वाढले तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

३. माणूस बरा असतानाच पैशाचा नियम ठरवावा. ठरावीक रकमेपुढील व्यवहार, बाग देणे, कर्ज घेणे, जमीन विकणे यांसाठी दोघांचा विचार आणि दोन दिवसांची मुदत. सातबारा व चेकबुक कोणाकडे राहील तेही त्यानेच सांगावे.

४. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. आपण आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे माणसाला आधीच लिहून ठेवण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. सरकारी सेवेत उपचार मिळण्याचा हक्कही दिला आहे आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

५. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू झाला. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात या कार्यक्रमाची चौकशी करावी आणि आपल्या तालुक्यात डॉक्टर कोणत्या दिवशी येतात ते विचारून घ्यावे. म्हणजे दर वेळी दिवसाची मजुरी बुडणार नाही. 'टेलिमानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो आणि मराठीतही बोलता येते. कोणी मरणाची भाषा केली तर ती नाटक समजू नये. त्याला एकटे ठेवू नये, घरातील फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि लगेच वरील क्रमांकावर किंवा रुग्णालयात संपर्क साधावा.

वाडीने काय करावे?

ज्याला एकदा 'पिसो' म्हटले त्याला वाडी आयुष्यभर तेच म्हणते. मग तो गोळी लपून घेतो, आणि लपून घेतलेली गोळी लवकर सुटते. मधुमेहाची गोळी जशी चारचौघांत घेता येते तशी ही घेता आली, तर निम्मे काम झाले. त्याला कामावर बोलवा, पालखीला खांदा देऊ द्या, देण्याघेण्याच्या व्यवहारात धरा. आणि तो रात्रभर जागून अचाट सौदे करताना दिसला तर त्याच्या पैशाचा फायदा घेण्याऐवजी त्याच्या घरी निरोप द्या. उन्मादातील माणसाकडून स्वस्तात घेतलेली बाग हा सौदा नव्हे, शेजाऱ्याची लूट आहे.

औषध किती वर्षे घ्यावयाचे हे प्रत्येक रुग्णाप्रमाणे डॉक्टर ठरवतात. बहुतेकांना ते दीर्घकाळ लागते. कमी करावयाचे झालेच तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू केले जाते. तो निर्णय माजघरात, लग्नमंडपात किंवा देवळाच्या पायरीवर होऊ नये. "देवाक काळजी" असे आपण म्हणतो आणि ते खरेच आहे. पण माडाला पाणी आपल्यालाच घालावे लागते.

लक्षात ठेवा

• माणूस बरा दिसतो तो औषधामुळे. बरे वाटणे हे औषध बंद करण्याचे कारण नाही.
• देवाचे करा, पण गोळी थांबवण्याची अट मानू नका.
• पेज, पाणी, मीठ आणि झोप नेहमीप्रमाणे ठेवा.
• ताप, उलट्या, जुलाब झाल्यास "लिथियम चालू आहे" हे प्रथम सांगा.
• मदतीसाठी दूरध्वनी : १४४१६.